झाड हिरवेगार, मग फूल का नाही?

पनवेल, प्रतिनिधी

कुंडीतला मोगरा पानांनी गच्च भरला आहे, जास्वंदीचे शेंडे बाल्कनीच्या ग्रिलबाहेर डोकावत आहेत, पानांवर कीड नाही, डाग नाही, मरगळ नाही. पण वर्ष उलटले तरी फुलाचा पत्ता नाही. पनवेल, नवीन पनवेल, कामोठे, खारघर आणि कळंबोली या परिसरात हौसेने झाडे लावणाऱ्या अनेक घरांत हाच अनुभव येतो. जुन्या पनवेलमधील वाड्यांच्या परसात मोगरा, अनंत, सोनटक्का, पारिजातक ही झाडे फारशी देखभाल न करता फुलत असत. सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्यावर हीच झाडे परसातून सदनिकेच्या बाल्कनीत आली. जागा बदलली, ऊन बदलले, माती कुंडीपुरती उरली. झाडाच्या गरजा मात्र होत्या तशाच राहिल्या.

अशा वेळी बहुतेक जण आणखी खत घालतात, रोपवाटिकेतून एखादे 'फ्लॉवरिंग टॉनिक' आणतात आणि तेही फसले की झाड उपटून नवे आणतात. नवे झाड येते तेव्हा त्यावर कळ्या असतात. पहिला बहर संपला की तेही पूर्वीच्या झाडासारखेच नुसते हिरवे राहते, कारण मूळ अडचण त्याच जागी असते. झाड निरोगी असूनही फुलत नसेल तर त्यामागची कारणे मोजकी आहेत आणि ती घरबसल्या शोधता येतात. त्यांची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

निरोगी म्हणजे फुलण्यास तयार नव्हे

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. भरपूर पालवी हे झाडाच्या प्रकृतीचे लक्षण असले तरी ते फुलण्याच्या तयारीचे लक्षण नव्हे. वनस्पतीच्या वाढीचे दोन टप्पे मानले जातात. पहिल्यात मुळे, खोड आणि पाने वाढतात. त्याला शाकीय वाढ म्हणतात. दुसऱ्यात फांदीच्या टोकाचा किंवा पानाच्या बगलेतील कोंब पान न होता कळी होतो. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी झाडाला काही ठराविक संकेत मिळावे लागतात. वय, प्रकाश, ऋतू, अन्नद्रव्यांचा समतोल आणि काही झाडांच्या बाबतीत थोडासा ताण, हे ते संकेत होत. यांपैकी एखादा जरी मिळाला नाही तरी झाड मरत नाही, आजारीही पडत नाही. ते फक्त पाने काढत राहते.

या विषयावर शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांहून अधिक काळ काम केले आहे. 1918 मध्ये क्राऊस आणि क्रेबिल या अमेरिकी संशोधकांनी टोमॅटोच्या झाडांवरील प्रयोगांतून दाखवले, की नत्र विपुल आणि त्या मानाने झाडात साठलेले पिष्टमय अन्न कमी असेल तर झाड जोमाने वाढते, पण फळ-फूल धरत नाही. 1920 मध्ये अमेरिकेच्याच कृषी खात्यातील गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखूच्या एका न फुलणाऱ्या वाणाचा छडा लावला. उन्हाळ्याच्या लांब दिवसांत हे वाण नुसते उंच वाढत असे. दिवसाची लांबी कमी करताच ते फुलले. पुढे 1930च्या दशकात सोव्हिएत संशोधक चैलाख्यान यांनी पानात तयार होऊन कोंबाकडे जाणाऱ्या एका 'पुष्पसंप्रेरका'ची कल्पना मांडली आणि त्याला 'फ्लोरिजेन' असे नाव दिले. हा संदेश प्रत्यक्षात एका विशिष्ट प्रथिनाच्या रूपात पानातून कोंबापर्यंत जातो, याचे भक्कम पुरावे 2007 मध्ये हाती आले. थोडक्यात, फुलायचे की नाही याचा निर्णय मुळाशी घातलेल्या खतापेक्षा पानावर पडणाऱ्या प्रकाशाशी अधिक जोडलेला आहे.

आधी एक प्रश्न: कळी धरत नाही की टिकत नाही?

कारण शोधण्यापूर्वी आठवडाभर झाडाकडे बारकाईने पाहावे. कळी मुळीच दिसत नाही आणि कळी येऊन गळते, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

कळ्या येऊन गळत असतील तर पाण्यातील अनियमितपणा, कुंडीत साचलेले पाणी, अचानक बदललेली जागा किंवा कीड यांचा संशय घ्यावा. मोगऱ्याच्या कळ्यांना भोक दिसले तर कळी पोखरणारी अळी, आणि कळ्या जांभळट पडून उमलण्याआधीच गळू लागल्या तर कळीमाशी असण्याची शक्यता असते. जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापसासारखा थर म्हणजे पिठ्या ढेकूण. अशा वेळी किडलेल्या व गळलेल्या कळ्या वेचून नष्ट कराव्यात, शेंडे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावेत आणि गरज पडल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. अनंताच्या कळ्या तर कुंडी इकडून तिकडे हलवल्यानेही गळतात.

कळीच येत नसेल तर पुढील कारणे एकेक करून तपासावीत. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिलेच कारण सर्वाधिक वेळा आढळते.

पहिले कारण: ऊन

मोगरा, जास्वंद, गुलाब, बोगनवेल, चाफा ही सर्व उन्हाची झाडे आहेत. त्यांना दिवसातून किमान पाच ते सहा तास थेट ऊन हवे. 'आमच्याकडे भरपूर उजेड आहे' हे उत्तर पुरेसे नाही. माणसाचा डोळा कमी-जास्त प्रकाशाशी चटकन जुळवून घेतो, त्यामुळे खिडकीतला उजेड आणि मोकळ्या जागेतले ऊन यांतील अनेक पटींचा फरक आपल्याला जाणवत नाही. झाडाला तो जाणवतो. कमी उजेडात पाने मोठी, गडद हिरवी होतात, दोन पानांमधील अंतर वाढते, फांद्या एका बाजूला झुकतात. झाड 'छान वाढले' असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते उन्हाच्या शोधात लांबलेले असते.

बाल्कनी कोणत्या दिशेला आहे याचा विचार पनवेलच्या संदर्भात थोडा वेगळ्या रीतीने करावा लागतो. पनवेल साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस असे वर्षातून दोनदा येथे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि शून्य सावली अनुभवास येते. या दोन तारखांच्या दरम्यान दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. याचा परिणाम असा:

दक्षिणेकडील बाल्कनीत डिसेंबरमध्ये ऊन आतपर्यंत येते, कारण तेव्हा दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर असतो. मोगऱ्याच्या बहराच्या काळात, म्हणजे एप्रिलमध्ये, तोच सूर्य 80 अंशांच्या वर चढतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब ऊन अडवतो. दक्षिणेची बाल्कनी असूनही मोगरा का फुलत नाही, याचे उत्तर बहुधा येथे असते. अशा ठिकाणी कुंडी भिंतीलगत न ठेवता कठड्याच्या अगदी बाहेरच्या कडेला ठेवली तरी फरक पडतो.

पूर्व आणि पश्चिम दिशांना मात्र वर्षभर अर्ध्या दिवसाचे तिरपे ऊन मिळते. समोर दुसरी इमारत नसेल तर मोगरा, जास्वंद व गुलाब यांच्यासाठी या बाल्कन्या सर्वांत भरवशाच्या. उत्तरेच्या बाल्कनीत थेट ऊन मुख्यत्वे उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीस येते, आणि जूनपासून ते ढगांत हरवते. तेथे उन्हाच्या झाडांचा हट्ट न धरता ब्रह्मकमळासारखी सौम्य उजेडात फुलणारी झाडे लावावीत.

ऊन मोजण्याची रीत सोपी आहे. सुटीच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच दर तासाला कुंडीकडे पाहावे आणि पानांवर थेट ऊन असेल तर वहीत खूण करावी. पाचपेक्षा कमी खुणा झाल्या तर खताचा विचार करण्याचे कारणच नाही. गच्चीवर किंवा बाल्कनीत हिरवी शेडनेट लावली असेल तर तिचाही हिशेब धरावा. 50 टक्क्यांची जाळी म्हणजे निम्मे ऊन कमी.

दुसरे कारण: अति लाड

ऊन पुरेसे असूनही कळी नसेल तर खताच्या डब्याकडे वळावे. झाडाला लागणाऱ्या मुख्य अन्नद्रव्यांपैकी नत्र पाने वाढवते, स्फुरद मुळांना व फुलोऱ्याला मदत करते आणि पालाश झाडाला काटक बनवते. युरियात 46 टक्के नत्र असते आणि दुसरे काहीच नसते. चिमूटभर युरियानेही कुंडीतले झाड चार दिवसांत टवटवीत दिसू लागते, म्हणून तो पुन्हा पुन्हा घातला जातो. 19:19:19 सारखी विद्राव्य खते दर आठवड्याला दिली तरी परिणाम तोच. लांबसडक, कोवळ्या, रसरशीत फांद्या आणि त्यांच्या टोकाला कळीऐवजी आणखी पाने, ही नत्र जास्त झाल्याची खूण आहे.

अशा झाडाचे खत दीड ते दोन महिने पूर्ण थांबवावे. त्यानंतर दर महिन्याला मूठभर शेणखत किंवा गांडूळ खत आणि थोडी निंबोळी पेंड एवढे पुरते. फुलांसाठी म्हणून स्फुरदयुक्त खताचा मारा करण्याचीही गरज नाही. मातीत स्फुरद कमी असेल तेव्हाच त्याचा उपयोग होतो. सावलीतल्या झाडाला ते कितीही दिले तरी फूल येत नाही, आणि अतिरेक झाल्यास झाडाला लोह मिळण्यात अडथळा येऊन पाने पिवळी पडू लागतात. केळीच्या सालीचे पाणी, चहाचा चोथा असे घरगुती उपाय निरुपद्रवी आहेत. परंतु न फुलणाऱ्या झाडाला फुलवण्याची ताकद त्यांत नाही.

पाण्याचेही तसेच आहे. बोगनवेल हे त्याचे ठळक उदाहरण. रोज पाणी घातलेली बोगनवेल भिंतभर हिरवी होते. पाण्याची ओढ दिलेली बोगनवेल रंगांनी भरते. पावसाळा संपल्यावर पाने किंचित मलूल होईपर्यंत पाणी रोखावे, मग एकदा भरपूर द्यावे, पुन्हा रोखावे. सहा-आठ आठवड्यांत फरक दिसतो. मोगऱ्यालाही छाटणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी कमी करून विश्रांती दिली जाते. खुरचाफा हिवाळ्यात पाने गाळतो. त्या काळात त्याला जवळपास कोरडे ठेवणेच हिताचे.

कुंडीचा आकार हाही लाडाचाच एक प्रकार ठरतो. लहान रोप थेट मोठ्या पिंपात लावले तर पहिले वर्ष-दोन वर्षे ते मुळांचाच पसारा वाढवते. ब्रह्मकमळ, बोगनवेल आणि कंदवर्गीय लिली ही झाडे कुंडीत मुळे थोडी दाटल्यावर अधिक चांगली फुलतात. उलट मोगरा दोन-तीन वर्षे एकाच कुंडीत राहिला तर मुळांचा गुंता होतो. तेव्हा बाहेरील मुळे हलकेच छाटून माती बदलावी.

तिसरे कारण: चुकीच्या वेळी कात्री

फांदी कधी छाटावी हे त्या झाडाची कळी कोठे येते यावर ठरते. मोगरा, जास्वंद आणि गुलाब नव्या फुटीवर फुलतात. त्यांची छाटणी केलीच नाही तर जुन्या, जून झालेल्या फांद्या नुसती पाने धरून बसतात. मोगऱ्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत करावी. जमिनीपासून दीड फूट उंची ठेवून वरच्या फांद्या कापाव्यात, उरलेली पाने काढावीत आणि कुंडीत दोन मुठी शेणखत घालावे. नव्या धुमाऱ्यांच्या टोकांना फेब्रुवारी-मार्चपासून कळ्या दिसू लागतात. कलमी गुलाबाची मुख्य छाटणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात करतात. साधारण 45 ते 50 दिवसांनी बहर येतो.

अनंताचे वागणे नेमके उलटे आहे. तो आधीच्या हंगामात पक्व झालेल्या फांद्यांवर कळ्या धरतो. त्याला हिवाळ्यात छाटले तर पुढचा बहर कात्रीबरोबरच गेला असे समजावे. त्याची छाटणी बहर संपताच करावी. खुरचाफ्याचा फुलोरा फांदीच्या टोकाला येतो. नीटनेटकेपणासाठी दरवर्षी टोके कापणाऱ्यांच्या दारी तो फुलत नाही. सोनटक्क्याचा प्रत्येक दांडा एकदाच फुलतो. फुलून गेलेले दांडे जमिनीलगत कापावेत, हिरवे दांडे मात्र राखावेत. सोसायटीच्या आवारातील कुंपणाच्या जास्वंदी दर महिन्याला सरळ रेषेत कापल्या जातात आणि मग त्या फुलत नाहीत अशी तक्रार होते. ज्या टोकांना कळ्या येणार तीच दर महिन्याला कापली जात असतील तर फूल येणार कोठून?

चौथे कारण: वय आणि वंश

बियांपासून वाढवलेल्या झाडाला बालपण असते आणि त्या काळात ते कोणत्याही उपायाने फुलत नाही. सोनचाफ्याच्या बियांच्या रोपाला फूल येण्यास आठ-दहा वर्षे सहज लागतात; कलमी सोनचाफा एक-दोन वर्षांतच फुलतो. दोन्ही रोपे दिसायला सारखी असल्याने खरेदीच्या वेळी खोडाच्या बुंध्याशी कलमाचा सांधा आहे की नाही हे पाहून घ्यावे. ब्रह्मकमळ म्हणून घरोघरी वाढवले जाते ते हिमालयातील ब्रह्मकमळ नव्हे. ते मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेले निवडुंगाच्या कुळातील झाड आहे. त्याचे पान लावल्यानंतर फुलण्यास दोन ते तीन वर्षे, क्वचित अधिकही लागतात. शेजारच्या घरी एका रात्रीत दहा फुले उमलली म्हणून आपले दीड वर्षाचे झाड टाकून देणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

गुलाबाच्या बाबतीत वंशाचा घोटाळा होतो. रोपवाटिकेतला गुलाब म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेले कलम. काही काळाने खुंटाला स्वतःची फूट येते. ती जोमदार असते, भराभर वाढते आणि वरच्या कलमाचे अन्न पळवते. वर्षभरात कलम वाळून जाते आणि मालक मात्र 'गुलाब खूप वाढला' म्हणून समाधानात राहतो. पानांतील पर्णिकांची संख्या पाहून ही फूट ओळखावी असे सांगितले जाते, पण तो निकष दर वेळी खरा ठरत नाही. फांदी सांध्याच्या खालून निघाली आहे का, हे पाहणे हाच खात्रीचा मार्ग. तशी असेल तर ती मुळापासून खेचून काढावी. कलमाचा भाग पूर्ण वाळला असेल तर मात्र ते झाड बदलण्यावाचून इलाज नाही.

वयाचा नियम किती कठोर असतो हे पाहण्यास पनवेलकरांना लांब जावे लागत नाही. माथेरान-प्रबळगडाच्या डोंगररांगेत आणि एकूणच सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारी कारवी सलग सात वर्षे केवळ पाने धरते, आठव्या वर्षी एकदम फुलते, बी टाकते आणि मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2016 मध्ये आणि त्यानंतर 2024 मध्ये कारवी फुलली होती. मधल्या वर्षांत तिला कोणी आजारी म्हटले नाही.

पाचवे कारण: रात्रीचा दिवा

शेवंती, पॉइन्सेटिया आणि कलांचो ही लहान दिवसाची झाडे आहेत. नेमके सांगायचे तर ती दिवसाची लांबी मोजत नाहीत, रात्रीचा अखंड अंधार मोजतात. पनवेलमध्ये जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. सप्टेंबरनंतर रात्री मोठ्या होऊ लागल्या की ही झाडे कळ्या धरतात. परंतु बाल्कनीसमोर रस्त्यावरचा दिवा रात्रभर जळत असेल, किंवा बाल्कनीतलाच दिवा मध्यरात्रीपर्यंत चालू असेल, तर झाडाच्या लेखी रात्र मोठी होतच नाही. ते वाढत राहते, फुलत नाही.

उपाय बिनखर्चाचा आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून आठ-दहा आठवडे कुंडी रात्री दिव्याच्या आड, अंधाऱ्या जागी ठेवावी किंवा संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत तिच्यावर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे. दिवसा मात्र पूर्ण ऊन द्यावे. एखाद्या रात्री विसर पडला तर बिघडत नाही. रोजच विसर पडला तर मेहनत वाया जाते. मोगरा, जास्वंद आणि गुलाब यांना हा नियम लागू नाही, त्यामुळे ती न फुलण्याचे खापर रस्त्यावरच्या दिव्यावर फोडू नये.

आंब्याचा धडा

फूल न येण्याने कुंडीवाल्याची हौस हिरमुसते. बागायतदाराचे मात्र वर्ष जाते. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत हापूसच्या बागायतदारांना हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सतावत आला आहे. हापूस हा एक वर्षाआड फळ देणारा वाण. एका वर्षी भरघोस फळ दिलेले झाड पुढच्या वर्षी निरोगी, हिरवेगार असूनही मोहोरत नाही, कारण साठवलेले अन्न फळांवर खर्च झालेले असते आणि नव्या फांद्यांना पक्व होण्यास वेळ मिळालेला नसतो. पाऊस लांबून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला, की झाडाला मोहोराऐवजी नवी पालवी फुटते. थंडी उशिरा आली तर मोहोरही उशिरा येतो.

18 मे 1972 रोजी स्थापन झालेल्या दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने यावर पॅक्लोब्युट्राझोल या वाढरोधकाचा वापर सुचवला. हे द्रव्य झाडातील जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाची निर्मिती रोखते. पालवीचा जोर ओसरतो आणि झाड मोहोराकडे वळते. झाडाच्या विस्ताराच्या व्यासानुसार दर मीटरला 3 मिलिलिटर या प्रमाणात ते पाण्यात मिसळून जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बुंध्याभोवतीच्या मातीत दिले जाते. मोठ्या, पूर्ण वाढलेल्या झाडांसाठीच हा उपाय आहे. बाजारातील काही 'टॉनिकां'च्या मोहात पडून कुंडीतल्या झाडांवर असे वाढरोधक वापरणे योग्य नव्हे. मात्रा थोडी चुकली तरी झाड खुरटते आणि मातीत त्याचा अंश दीर्घकाळ राहतो. शिवाय फुलांचा उपयोग देवपूजेबरोबर खाण्यासाठीही होत असेल तर धोका आणखी वाढतो.

वर्षाचे वेळापत्रक

डिसेंबर-जानेवारी: मोगऱ्याचे पाणी कमी करून छाटणी. खुरचाफा कोरडा ठेवावा. शेवंतीचा बहर संपल्यावर जुने दांडे कापून बुंध्यालगतची नवी फूट राखावी.

फेब्रुवारी-मार्च: मोगऱ्याला नियमित पाणी व सेंद्रिय खत. जास्वंदीची हलकी छाटणी. कुंड्यांची माती बदलण्यासही हाच काळ चांगला.

एप्रिल-मे: सकाळी लवकर पाणी. मोगऱ्याचा प्रत्येक बहर संपल्यावर फुललेल्या फांदीचे टोक दोन पेरे खाली खुडावे, म्हणजे नवी फूट व नवी कळी येते. दुपारचे कडक ऊन पडते म्हणून झाडे सावलीत हलवण्याऐवजी कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे.

जून ते सप्टेंबर: रायगड जिल्ह्यात या चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कुंडीची छिद्रे मोकळी आहेत ना, हे दर आठवड्याला पाहावे. पावसाने नत्र वाहून जाते म्हणून खत वाढवण्याचा मोह टाळावा. ऊन नसताना त्याचा उपयोग पानांपुरताच होतो. अनंताचा बहर संपताच छाटणी करावी. ब्रह्मकमळ आणि सोनटक्का यांचा हा हंगाम.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: गुलाबाची छाटणी, बोगनवेलीला पाण्याची ओढ, शेवंती व पॉइन्सेटियाला रात्रीचा अंधार.

झाड टाकण्यापूर्वी

वरील पाचही कारणे एकाच वेळी दुरुस्त करण्याची घाई करू नये. जागा, खत, छाटणी आणि पाणी असे सारे एकदम बदलले तर कशाने गुण आला हे कधीच कळत नाही आणि पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा होते. आधी ऊन मोजावे. ते पुरेसे असेल तर खत थांबवावे. त्यानंतर छाटणीची वेळ तपासावी, मग वय व कलम, आणि शेवटी रात्रीचा दिवा. एका बदलाला एक पूर्ण हंगाम द्यावा, कारण मोगऱ्यासारख्या झाडाची कळी आपल्या सोयीने नव्हे तर त्याच्या ऋतूप्रमाणे येते.

पानांच्या कडा करपलेल्या असतील, मातीवर पांढरा थर दिसत असेल, तर प्रश्न वेगळा आहे. खाडीलगतच्या भागांत भरावाच्या मातीत किंवा बोअरवेलच्या पाण्यात क्षार असू शकतात. खारजमिनींवर काम करणारे कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र पनवेलमध्येच आहे, यावरून या भागातील क्षारांचा प्रश्न किती जुना आहे हे लक्षात यावे. अशा कुंडीत आधी चांगल्या पाण्याने माती धुऊन काढावी किंवा ती बदलावी; फुलांचा विचार नंतर.

आणि हे सर्व करूनही बाल्कनीत पाच तासांचे ऊन येतच नसेल, तर दोष झाडाचा नाही आणि माळ्याचाही नाही. सोसायटीच्या गच्चीवर परवानगी मिळवून कुंडी तेथे ठेवता येते किंवा उन्हात राहणाऱ्या एखाद्या परिचिताच्या अंगणात ते झाड देता येते. टाकून दिलेला मोगरा महिनाभरात वाळतो. उन्हात नेऊन वेळेवर छाटलेला तोच मोगरा पुढच्या उन्हाळ्यात फुलतो. त्याच्या जागी बाल्कनीत ब्रह्मकमळाचे एक पान लावावे आणि दोन-तीन पावसाळे वाट पाहावी.